मूळ कागद पुण्याला होते

मी भित्री आहे. आता निवृत्त झाल्यावर हे बिनदिक्कत सांगता येतं, पण तेव्हा आमच्या कॉलनीत माझी ख्याती नेमकी उलट होती. एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी, विहारात सत्कार झालेली, सगळ्यांसमोर उभं राहून चार वाक्यं बोललेली. ती बोलताना माझे गुडघे एकमेकांवर आपटत होते, पण साडीत गुडघे दिसत नाहीत, एवढेच साडीचे उपकार.

माझे वडील, त्यांना मी दादा म्हणत असे, नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात कामाला होते. सिन्नरकडच्या खेड्यातून आलेले, मराठी चौथीपर्यंत शिकलेले. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांची ही गोष्ट. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

पीएच.डी.साठी मी दोन ठिकाणी अर्ज केले होते. पुण्याला प्रवेश मिळाला, पण स्टायपेंड नाही. मिळालाच तर पुढच्या वर्षी, कुणाची जागा रिकामी झाली तर. तरी पुण्याचा रस्ता ओळखीचा होता. सकाळी एखाद्या कॉलेजात तात्पुरतं शिकवायचं, दुपारी प्रयोगशाळेत काम करायचं आणि पदवी हातात पडली की नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्यातरी कॉलेजात प्राध्यापिका व्हायचं. दुसरी होती हैदराबादची एक संस्था. तिथे निवड झाली तर पाच वर्षं दरमहा फेलोशिप आणि हॉस्टेल. विषय पॉलिमर. तो शिकून पुढे नोकरी कुठे लागते, हे मला सांगू शकेल असं नाशकात कुणी भेटलं नाही. आईला विषय समजावून सांगितला तर ती म्हणाली, "प्लॅस्टिकचं काय शिकायचं असतंय? बादली फुटली की नवी आणायची."

हैदराबादच्या मुलाखतीला दादा रजा काढून माझ्याबरोबर आले होते. आत चार जण बसलेले. त्यातल्या एकाने मला एकच प्रश्न तीनदा विचारला, कारण त्याचं इंग्रजी मला कळत नव्हतं. उत्तर मला येत होतं, प्रश्नच पोचत नव्हता. बाहेर बाकावर बसलेल्या मुली आपापसांत भराभर इंग्रजी बोलत होत्या. त्यांतल्या एकीने माझं आडनाव विचारलं आणि ते ऐकून छान हसून दुसरीकडे वळली. तसं हसणं मी नाशकातही पाहिलं होतं, पण नाशकात संध्याकाळी आपल्या माणसांत परतता येत होतं. परतीच्या गाडीत मी मनोमन ठरवून टाकलं की आपली निवड होणार नाही. त्या विचाराने मला बरं वाटलं, हे मी दादांना सांगितलं नाही.

तेवढ्यात पुण्याची शेवटची तारीख आली. जागा पक्की करायची तर मूळ कागद जमा करायचे. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, कॉलेज सोडल्याचा दाखला, सगळं. नकला हव्या तेवढ्या काढता येतात, त्यावर अधिकाऱ्याची सही-शिक्का घेता येतो, पण मूळ कागद एकच असतो आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी राहतो. मी म्हटलं, हैदराबादचं पत्र येईपर्यंत थांबू का? दादा म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. लय जागा पाहिल्या मी, दोन दिसांत जात्यात." त्यांनी कागदांची प्लॅस्टिकची पिशवी शर्टाच्या आत पोटाशी ठेवली आणि आम्ही एस.टी.ने पुण्याला जाऊन ती जमा करून आलो. मला हायसं वाटलं. निर्णय मी घेतला नव्हता, तारखेने घेतला होता.

बारा दिवसांनी रजिस्टर पत्र आलं. दादांची दुपारची पाळी होती, म्हणून ते सकाळी घरीच होते. त्यांनीच सही करून घेतलं आणि मी दोरीवर कपडे टाकत होते तिथे आणून दिलं. इंग्रजी असल्यामुळे त्यांना वाचता येईना. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

माझी निवड झाली होती, फेलोशिपसकट. पंधरा दिवसांत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं होतं, आणि त्यांची तपासणी होईपर्यंत प्रवेश तात्पुरता राहणार होता. ते वाक्य मी पुन्हा वाचलं. कागद पुण्यातून काढायचे तर पुण्याचा प्रवेश रद्द करायचा. हैदराबादला तपासणीत एखादा शिक्का पुसट निघाला, एखादं नाव वेगळं लिहिलेलं निघालं, तर मी कुठलीच नाही. आणि समजा सगळं नीट निघालं, तर त्याहून वाईट. मग खरंच तिथे जावं लागणार होतं. तिथे पाच वर्षं ते प्रश्न मला तीनतीनदा विचारणार होते. हातातला ओला कपडा मी पिळत राहिले. तो आधीच पिळलेला होता.

"काय म्हणत्यात?" दादांनी विचारलं.

"नाही म्हणालेत," मी म्हणाले.

ठरवून बोलले नाही. तोंडातून गेलं, आणि गेल्यावर इतकं हलकं वाटलं की माझी मलाच किळस आली. आई दारातूनच म्हणाली, "बरं झालं. लांब नको." दादा मात्र तिथून हलेनात.

"का नाय म्हणले? कारण लिहिलंय का?"

"नाही."

"एवढं मोठं पान भरलंय अन् कारण नाय?"

मी पत्राची घडी घातली आणि ते एका पुस्तकात ठेवलं. फाडायला हवं होतं. फाडायचीही भीती वाटली.

पुढचे चार दिवस मी घरात चोरासारखी वावरत होते. दादा समोर आले की भांडी घासायला बसायची. वीज केंद्राच्या धुराड्यांकडे बघत बसायची. सारखं वाटायचं, आपण काहीतरी मारून टाकलंय आणि ते घरातच कुठेतरी पडलंय. पंधरातले दिवस मी मनात मोजत होते. एकेक दिवस गेला की सुटल्यासारखं वाटायचं आणि त्याच वेळी रडू यायचं.

वीज केंद्रातल्या कामगारांची एक पद्धत होती. इंग्रजी कागद आला की तो साहेबाकडे न्यायचा. कोर्टाचा असो, बँकेचा असो, विभागातले इंजिनिअर साहेब डबा खाताना तो वाचून त्याचा अर्थ सांगत. पाचव्या दिवशी दादा पहिल्या पाळीला जाताना पुस्तकातलं ते पत्र काढून घेऊन गेले. माझ्यावर संशय म्हणून नव्हे. कोणता कागद कमी पडला ते कळलं तर पुढच्या खेपेला जोडता येईल, असं त्यांना वाटलं होतं.

दुपारी घरी आल्यावर त्यांनी नेहमीसारखे साबणाने तीनदा हात धुतले, जेवले आणि मग पत्र माझ्यासमोर ठेवलं. आता ओरडतील, असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"साहेबांनी दोनदा वाचून दाखवलं," दादा म्हणाले. "मी म्हणलं, नीट बघा साहेब, पोरगी नाय म्हणत होती. तर ते म्हणले, अभिनंदन करा तिचं."

मी पत्राची घडी उलगडून पुन्हा घातली.

"माझी रिटायरमेंट बघून थांबलीस व्हय? म्हाताऱ्याकडं कोण बघंल म्हणून?"

खरं सांगायची ती वेळ होती. दादा, मी घाबरले, एवढे तीनच शब्द. पण दादांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याबद्दल त्यांना जे वाटत होतं ते इतकं चांगलं होतं की ते खोटं आहे म्हणायला जीभ उचलेना. मी हो म्हणून मान हलवली. एका खोट्याची दोन झाली.

"येडी," ते म्हणाले. "सकाळची गाडी धरू."

पुण्याच्या कार्यालयातले कारकून सज्जन होते. त्यांनी कोरा कागद दिला, रद्द करण्याचा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगितला आणि लिहून होईपर्यंत पिशवी समोर आणून ठेवली. सही करायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "बाई, एकदा विचार करा. सही झाली की ही जागा वेटिंगवाल्याला जाते. तिकडे काही अडलं आणि परत आलात, तर आमच्या हातात काही राहत नाही."

पेन कागदावर टेकवलेलं होतं. पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. आत्ता म्हणावं, नको, राहू द्या. कारकून कागद फाडतील, आम्ही संध्याकाळच्या एस.टी.ने घरी जाऊ, मी प्राध्यापिका होईन, आई सुखावेल. कुणी मला बोल लावणार नव्हतं. मी पेन उचललंही.

कारकुनांना तो शाईचा ठिपका दिसला असावा. ते हळूच म्हणाले, "घाबरल्यात वाटतं ताई."

माझ्या मागे उभे असलेले दादा पुढे झाले.

"नाय साहेब," ते म्हणाले. "ती घाबरणाऱ्यातली नाय. माझ्यापायी अडून बसली होती."

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की शेजारच्या टेबलांवरचे दोन कारकूनही मान वर करून माझ्याकडे बघू लागले. मी खाली मान घातली आणि सही केली. धैर्याने नव्हे. त्या माणसासमोर भित्री ठरायची मला हैदराबादपेक्षा जास्त भीती वाटली.

हैदराबादला सगळे कागद बरोबर निघाले. पाच वर्षांत प्रश्नही हळूहळू कळायला लागले. दादा गेले तेव्हा कॉलनीतली माणसं भेटायला आली, आणि प्रत्येकाने मला तेच सांगितलं, की तुझा बाप सगळ्यांना सांगायचा, माझी पोरगी माझ्यासाठी एवढं मोठं शिक्षण सोडायला निघाली होती. मी त्यांना चहा दिला. खरं काय होतं ते कुणालाच सांगितलं नाही.