पिवळ्या पेनाची रेघ

पुण्यात बसून आम्ही बर्फाची काळजी करायचो. हिंजवडीत सातव्या मजल्यावर एसी वाढला की स्वेटर शोधणारी आम्ही माणसं, आणि काम काय, तर उत्तर ध्रुवाजवळच्या एका तेलक्षेत्रासाठी समुद्राचं पाणी तयार करायचं. बर्फाखालून ते उचलायचं, गाळायचं, पाइप गंजू नयेत म्हणून त्यातला ऑक्सिजन काढायचा, कोमट करायचं आणि जमिनीत खोल दाबायचं. मग ते खालचं तेल विहिरीकडे ढकलतं. विश्रांतवाडीहून कंपनीच्या बसने जाऊन मी हे सगळं कागदावर करत असे. समुद्र मी एकदाच पाहिला होता, तोही गुडघाभर.

ड्रॉइंग काढायचे आमच्या ऑफिसातले ड्राफ्ट्समन, सगळ्यांचे काका. लोणी काळभोरचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, घरी थोडा ऊस. ते काढणार, मी तपासणार. तपासणीच्या छापील प्रतीवर बरोबर असेल त्यावर पिवळा पेन फिरवायचा, चूक असेल तिथे लाल. सगळं पिवळं झालं की मी सही करायची, अशी रीत होती.

त्या शुक्रवारी ड्रॉइंग संध्याकाळच्या आत पाठवायचं होतं. काका प्रत घेऊन आले. मोठ्या पाइपातून खाली निघालेल्या, टोकाला व्हॉल्व्ह बंद असलेल्या एका हातभर तुकड्याभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल केला होता.

"साहेब, हितं पाणी उभं राहतंय. वाहतं गोठायचं न्हाई, पण ह्ये गोठंल. हितं तापवायची वायर दाखवल्याली न्हाई."

"अहो काका, वरची लाइन गरम आहे ना?"

"आमच्या ठिबकची नळी बी मोटरलाच जोडल्याली हाय. तरी घाण टोकालाच बसती."

"मग उसालाच वायर गुंडाळा," मी म्हणालो. आजूबाजूचे हसले. मलाही स्वतःचं कौतुक वाटलं. बस सुटायला वीस मिनिटं होती. मी त्यांच्या गोलावरूनच पिवळा पेन फिरवला आणि सही ठोकली.

पहिल्याच हिवाळ्यात तो तुकडा गोठून फुटला. माणसं वाचली, पण प्लांट बंद पडला आणि चौकशी आली. संगणकात फक्त शेवटचं ड्रॉइंग होतं. मोठ्या साहेबांनी काकांसमोरच मला विचारलं.

"मी तपासलं तेव्हा वायर होती," मी म्हणालो. "नंतर काकांकडून शेवटचं ड्रॉइंग काढताना राहिली असेल."

"तपासलेली प्रत कुठे आहे?"

"सापडत नाहीये."

ती माझ्या बॅगेत होती. काका माझ्याकडे बघत होते आणि मी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होतो. महिन्याच्या आत त्यांना घरी पाठवलं. ना नारळ, ना शाल, ना भाषणं. मी भ्यालो होतो, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. मला पुढे बढती मिळाली. आता मी 'मंजूर'च्या चौकटीत सही करतो. दर सहीला माझी मलाच किळस येते आणि तरी मी ती करतो.

गेल्या दिवाळीनंतर, तीन वर्षांनी, ती प्रत घेऊन मी लोणीला गेलो. काकांनी ओळखलं, बसा म्हणाले, सुनेला चहा सांगितला. मी प्रत उलगडली. त्यांनी चष्मा लावून पेन्सिलीच्या गोलावर बोट फिरवलं, आत गेले आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. पिशवीत त्याच प्रतीची झेरॉक्स होती. माझा पिवळा रंग तिच्यात फिकट राखाडी उमटला होता.

"तुमची सही झाली का झेरॉक्स काढायचो. जुनी सवय हाय."

"मग दाखवली का नाही?"

"म्हटलं, साहेब सांगतील." त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून घडी घातली. "आता दाखवून काय करायचंय? शेवटच्या दिवशी गेटवर थांबलो हुतो. बस सुटंपतुर."

मला ते माहीत होतं. सातव्या मजल्याच्या खिडकीतून मी त्यांना पाहत होतो. त्या दिवशी ती बस मी मुद्दाम सोडली होती.