केइकोचा चहाभात

माणसं एका लॅबमध्ये वर्षभर अडकली की किस्से आपोआप साठतात, कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कोव्हिडच्या काळात इतके स्वॅब यायचे की मान वर करायला फुरसत नसायची. तरी दुपारी टीरूममध्ये मी, सदा आणि केइको तीन कोपऱ्यांत तीन टेबलं धरून जेवायचो. सदा सांगलीचा, केइको क्योतोची, मी ठाण्याची. आमचे बरेचसे किस्से भाताचेच आहेत. हसण्यासारखे फक्त सुरुवातीचे, हे आधीच सांगून ठेवते.

* * *

केइको डब्यातल्या गार भातावर एक खारवलेला आंबट प्लम ठेवायची आणि थर्मासमधला गरम ग्रीन टी ओतायची. ओचाझुके. उरलेल्या भाताची त्यांची सोय, आपला फोडणीचा भात असतो तशी.

सदा म्हणाला, "चहाभात? आमच्याकडे आजारी माणसानेसुद्धा यावरून भांडण काढलं असतं."

"ट्राय तर कर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने केला. आलं घातलेल्या, दूधसाखरेच्या चहात! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण केइको समोर होती, म्हणून डबा चाटूनपुसून संपवला. वर म्हणाला, "वेलची कमी पडली."

* * *

मध्ये निर्बंध सैल झाले तेव्हा केइकोने आम्हाला घरी बोलावलं. क्योतोच्या जुन्या रीतीप्रमाणे, पाहुणा उठायचं नाव घेत नसेल तर यजमान विचारतात, "ओचाझुके घेणार?" पाहुण्याने नको म्हणायचं आणि चपला घालायच्या. आम्हाला काय माहीत!

तिने विचारलं. सदा म्हणाला, "नो वरीज, थोडासा चालेल." दोनदा घेतला. मग सोफ्यावर पाय दुमडून बसला आणि सांगलीच्या पुराची गोष्ट सुरू केली.

ही रीत केइकोने आम्हाला सांगितली तेव्हा सहा महिने उलटून गेले होते. मी शरमेने लाल झाले. सदा शांतपणे मला म्हणाला, "मग आता भरपाई म्हणून तिला आपल्याकडे जेवायला ये म्हण."

* * *

त्यानंतर सदाच्या बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. घास उतरेना. कोव्हिडमुळे देशाबाहेर जायला सरकारची परवानगी लागायची; सदाने ती मागितली, दोनदा नकार आला. बाबा रोज फोनवर विचारायचे, "कधी येतोस?" सदा रोज सांगायचा, "पुढच्या आठवड्यात." फोन ठेवल्यावर तो मायक्रोस्कोपवर बसायचा आणि बराच वेळ स्लाइड बदलायचा नाही.

एकदा केइको म्हणाली, "माझी आई शेवटी ओचाझुकेच खायची. आपोआप घशाखाली जातो."

सदाने लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला. काकू भडकल्या. "चहात भात? शुद्धीवर आहेस ना?" सांगलीत ग्रीन टी मिळाला तो भाचीचा, वजन कमी करायचा. प्लमऐवजी लिंबाच्या लोणच्याची फोड, मसाला पुसून. भात मऊ शिजवून, चुरून.

बाबांनी चार चमचे खाल्ले. म्हणाले, "काय बेचव खाता रे तुम्ही." मग थांबून, "उद्या पण कर म्हणावं."

* * *

आमचं जेवण म्हणजे तिकडे सकाळचा नाश्ता. त्यामुळे रोज व्हिडिओ कॉलवर एका वेळी दोघं जेवायला लागले, सदा टीरूममध्ये आणि बाबा पलंगावर, दोघांच्या पुढ्यात चहाभात. बाबा केइकोला मराठीत विचारायचे, "काय बाई, जेवलीस?" ती जपानीत काहीतरी सांगायची. दोघांचं उत्तम चाललं होतं. चमचे मात्र चारावरून दोनावर आले आणि मग एकावर.

* * *

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सदा कामावर आला. सुपरवायझर भला माणूस. म्हणाला, "मेट, आर्व्होला सुट्टी घे." आर्व्हो म्हणजे इकडची दुपार.

"घेऊन कुठे जाऊ?" सदाने विचारलं.

त्या दिवशी मला भयंकर राग आला होता आणि तो काढायला समोर कोणीच नव्हतं.

* * *

दहाव्याला सदाचा चुलतभाऊ कृष्णेच्या घाटावर फोन धरून उभा होता. इकडे आमच्या जेवणाची वेळ. सदाने फोन टेबलावर टेकवला होता आणि मी केइकोला हळू आवाजात समजावत होते, की कावळा शिवला म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव मोकळा झाला.

कावळा शिवेना. भिंतीवर ओळीने बसले होते, एकही खाली येईना. चुलतभाऊ म्हणाला, "काका, काकूंना आम्ही सांभाळतो." नाही. गुरुजींनी पळी वाजवली. नाही. सदाचे काका, बाबांचे धाकटे भाऊ, हात जोडून म्हणाले, "दादा, सदा येईल. पुढच्या महिन्यात नक्की येईल."

नाही.

सदाने फोन हातात घेतला. मास्क काढला.

"बाबा, मी येत नाहीये," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात नाही, महिन्यात नाही. मला येताच येत नव्हतं. मी रोज खोटं सांगत होतो. तुम्ही वाट बघू नका, निघा."

मग एक कावळा उतरला. पिंडाभोवती फिरला. पिंड राहिला बाजूला. शेजारी काकूंनी द्रोणात भरून पाठवलेला चहाभात होता, त्याने त्यात चोच घातली.