मिलिंदमामाचा डबा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात होते, अकरावीच्या वर्गावर. आई फक्त एवढंच म्हणाली, "मिलिंद गेला गं…" आणि पुढं नुसतं रडणं. सकाळी कंपनीत जायला निघताना, पायात बूट घालता घालता छातीत कळ आली, दारातच खाली बसला आणि संपलं. मिलिंदमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. पोटापाण्यासाठी वाळूजच्या एका कारखान्यात, आणि सुट्टी मिळाली की भीमगीतांच्या गायन पार्टीत गिटार. मी रिक्षानं भावसिंगपुऱ्यात मामाच्या घरी पोचले तोवर घर माणसांनी भरलं होतं. खुर्च्या पुरत नव्हत्या, शेजारच्या बाया अंगणात उकिडव्या बसल्या होत्या. तरी पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवलेला क्रीम रंगाचा डबा जागचा हलला नव्हता. तो खाली ठेवला असता तर एक माणूस बसला असता. पण कुणी हात लावला नाही.

त्याला काही आठवडे झाले. मी लिहायला बसले तर माझ्यासमोर मामाचं मरण येत नाही… हा डबाच येतो. आणि डबा आठवला की मला हसू फुटतं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हसू नये असं कुणाला वाटत असेल तर त्यानं मामाला पाहिलेलं नाही, एवढंच म्हणते.

आमच्या आजोळी आणि घरी, दोन्हीकडं मिळून पहिली पदवीधर मी. हे मी ताठ मानेनं सांगते. पण त्याचा परिणाम असा झाला, की वायर असलेली कुठलीही वस्तू घ्यायची असली की सगळे मला सोबत न्यायचे. मिक्सर असो, कूलर असो, इन्व्हर्टर असो. माझा विषय इतिहास. मी दहादा सांगितलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. आई म्हणायची, "मग एवढं शिकली कशाला?" तर त्या न्यायानं मामानं एका रविवारी मला बोलावलं. "वैशू, शहागंजला जायचंय. गिटारसाठी डबा घ्यायचाय. तू नुसती सोबत उभी राहा."

डबा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. तोवर मामाची गिटार पार्टीच्या साउंड-मिक्सरला थेट जोडली जायची आणि ढोलकी, पॅड, कीबोर्ड या सगळ्यांच्या खाली दबून जायची. त्यात संदेश नावाचा नवा कीबोर्डवाला पार्टीत आला. पोरगा गुणी होता, पण त्याच्या कीबोर्डात गिटारचा आवाज निघायचा. एका बटणावर एक गिटार, दुसऱ्या बटणावर दुसरी. भास्करतात्या, म्हणजे पार्टीचे मुख्य गायक, एक दिवस सरळ बोलले, "मिलिंद, राग धरू नको. तुझी गिटार दिसती, पण ऐकू येत नाय." सतरा-अठरा वर्षांचा असल्यापासून त्या पार्टीत होता मामा. पार्टीच्या टेम्पोतली जागा गेली तर मामाचं काय उरलं असतं, हे मामीला ठाऊक होतं आणि मलाही.

हमीदभाईंचं दुकान शहागंजात, बांगड्यांच्या दुकानांना लागून. हार्मोनियम, ढोलक्या, दोन-चार गिटारी. मामा मोठे काळे अ‍ॅम्प बघत होता, तेवढ्यात त्याची नजर काउंटरच्या मागं गेली. तिथं हा ठेवलेला. दोन हातांत मावेल एवढा. अंगावर जाड क्रीम कापड, वर चामड्याची मूठ, पुढं जुन्या रेडिओला असायची तशी विणलेली जाळी, आणि आवाजाचं एकच गोल बटण. नवाच, पण घडण जुन्या काळची. हमीदभाई म्हणाले, "मामू, एक हॉटेल में बजानेवाले ने मंगाया था. वो चला गया बंबई, ये रह गया मेरे गले में. अंदर काँच के वाल हैं, पुराने रेडियो जैसे. मैं सुबह से शाम तक चालू रखता, दुकान में रौनक रहती." मागं वाकून पाहिलं तर खरंच, आत दोन-तीन काचेच्या नळ्या मंद नारिंगी पेटलेल्या. मामा गुडघ्यावर बसून बघतच राहिला. "वैशू," म्हणाला, "आत दिवे लावलेत गं."

मग त्यानं गिटार लावली. बटण निम्म्यावर. एक तार बोटानं नुसती हलवली… आणि मी शपथेवर सांगते, तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. गोल, ओला, जाड. मामानं हळू छेडलं की डबा हळू बोलायचा, जोरात छेडलं की गुरगुरायचा, बटणाला हात न लावता. मामानं परत हळू, परत जोरात केलं. मग माझ्याकडं वळला. तोंडावरचं ते हसू मला शब्दात मांडता येणार नाही. म्हणाला, "हे माझं ऐकतंय." हमीदभाईंनी हात लांब करून बटण पूर्ण फिरवलं. पार्टीतल्या पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला वाजणारा तुकडा मामानं छेडला. आवाज फुटला, पण कसा, तर तासभर गाऊन घसा बसत आलेला आणि तरी थांबायला तयार नसलेला गायक असतो ना, तसा. शेजारचा बांगडीवाला बाहेर आला. बांगड्या भरत असलेली बाई हात तसाच पुढं धरून दारात उभी. रस्त्यावरचा एक हातगाडीवाला ओरडला, "और बजाव, मामू!" मामानं और बजावलं. मी पदवीधर माणूस, किंमत कमी करून मागायची म्हणून गेलेली. मी म्हटलं, "मामा, घे."

रिक्षात डबा मामाच्या मांडीवर. खड्डा आला की मामा दोन्ही हातांनी तो वर उचलायचा, आणि रिक्षावाल्याला "दादा, हळू… दादा, हळू." घरी मामीनं स्टूल पुसून ठेवलं होतं. मामानं वायर लावली, मागचं चालू करायचं बटण दाबलं, लाल दिवा लागला. गिटार गळ्यात अडकवून मोठ्या ऐटीत कॉर्ड छेडली, सगळ्या तारा एकदम.

काही नाही.

बटण निम्म्यावर, मग पूर्ण. काही नाही. मामानं डबा बंद केला, मी वायर काढून परत लावली, परत चालू, परत छेडलं, शांत. बंद. दुसरा प्लग. चालू. शांत. बंद. असं आम्ही दोघांनी किती वेळ केलं असेल देव जाणे, आमच्यात देव नाही म्हणून नुसतं जाणे. मामी दारात उभी. "शहाणे गेले होते दोघं. एक गिटारवाला, एक बी.ए." मामाचा चेहरा एवढासा झाला. "जेवून घेऊ," एवढंच बोलला. गिटार भिंतीला टेकवली आणि आम्ही पाटावर बसलो. डबा चालूच राहिला होता, बटण पूर्ण फिरवलेलं होतं, हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. मामी भाकरी घेऊन आली, तिचा पदर तारांना घासला आणि घरात वाघ शिरल्यासारखी डरकाळी झाली. मामीच्या हातातली भाकरी थेट माझ्या वरणात. मामा ताटावरून उठला, खरकट्या हातानंच गिटारला मिठी मारली.

हमीदभाईंना फोन लावला तर ते हसून हसून बोलेनात. "मामू, वाल है वो. पहले तपने दो, अर्धा मिनट. तुम लोगां चूल्हा पेटाए नहीं और रोटी उतारने बैठे?" दुकानात तो सकाळपासून तापलेला होता, आणि घरी आम्ही त्याला तापूच देत नव्हतो.

तेव्हापासून मामाला सवय पडली. बटण दाबायचं, मग डब्यावर तळहात ठेवून गप्प बसायचं. मध्ये कुणी बोललं की म्हणायचा, "थांब. डबा तापू दे." एरवी कंपनीची बस, पंचिंग, ओव्हरटाइम, सगळं धावपळीचं. दिवसात एवढाच वेळ मामाला घाई नसायची.

विहारातल्या प्रॅक्टिसला मामा तो घेऊन गेला तेव्हा तात्या म्हणाले, "मिलिंद, जेवणाचा डबा आणला का?" पार्टीतही मग तेच नाव पडलं. संदेश कीबोर्डवर एकेक बटण दाबून दाखवायला लागला, "मामा, ही बघा गिटार. ही बघा दुसरी. नुसतं बोट ठेवायचं." मामा म्हणाला, "ठेव की. मी कुठं नाय म्हणतो?" शेवटी तात्यांनी निकाल दिला. पिशोरच्या जयंतीला डबा आणायचा. तिथं मैदानात लोकांना ऐकू आला तर मामा पार्टीत. नाही तर टेम्पोतली ती जागा कोरसच्या एका माणसाला. आणि पिशोर म्हणजे मामाचं गाव, माझं आजोळ. आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर परीक्षा.

मी आणि आई पहिल्या रांगेत बसलो होतो. मिरवणूक येऊन थांबलेली, ऊन उतरलेलं, मैदान निळ्या झेंड्यांनी भरलेलं. स्टेजच्या दोन्ही बाजूंना घराएवढे स्पीकर, आणि मध्ये खुर्चीवर मामाचा डबा. मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, तो रेडिओ कुणाचा विसरला?" मामानं तळहात ठेवला, तापू दिला, पहिली कॉर्ड छेडली… आणि ती कुठं गेली कळलंच नाही. ढोलकी ऐकू येत होती, कीबोर्ड येत होता. मामाची बोटं नुसती हलताना दिसत होती. संदेशनं मान दुसरीकडं वळवली. आई माझ्या कानात म्हणाली, "वाजत नाय का गं त्याचं?"

तेव्हा साउंडवाला स्टेजवर चढला. त्यानं कोरसमधला एक माइक उचलला, स्टँड खाली केला आणि जाळीच्या तोंडाशी नेऊन लावला. गाणाऱ्या माणसाला लावतात, अगदी तसा. पुढच्या क्षणी शहागंजातला तो आवाज पिशोरच्या मैदानावर पसरला. आईनं माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली. मागचा आवाज आला, "व्हय की, मिलिंद हाय तो!" तात्यांनी गाता गाता वळून पाहिलं. हसले नाहीत. पण पुढचं कडवं त्यांनी मामाकडं तोंड करून म्हटलं.

आणि ऐन रंगात लाइट गेली. सगळे स्पीकर मुके. तात्या थांबले नाहीत, उघड्या गळ्यानं गात राहिले, ढोलकी चालू, लोकांनी टाळ्यांवर ठेका उचलला. जनरेटर चालू व्हायला बराच वेळ गेला. दिवे आले तसा संदेशचा कीबोर्ड आपोआप कसल्याशा लग्नाच्या ठेक्यावर सुरू झाला आणि पब्लिक खो खो हसलं. त्यानं घाईनं तो बंद करून गिटारचं बटण शोधलं, कारण मामाचा डबा अजून गप्प होता. आत दिवे लागलेले, पण आवाज नाही. तेवढ्यात तात्यांनी हात वर केला. माइकवर म्हणाले, "थांबा. कुणी वाजवू नका. मिलिंदचा डबा तापू द्या."

सगळं मैदान थांबलं. आजोळची बायामाणसं, खांद्यावरची पोरं, झेंडे धरलेले हात… सगळे त्या एवढ्याशा डब्याकडं बघत होते. मामा तळहात ठेवून बसला होता, मान खाली. मग स्पीकरमधून बारीक घूं ऐकू आलं. मामानं मान वर केली. जी कॉर्ड त्यानं तेव्हा छेडली, तिच्यावर पिशोर उठून उभं राहिलं.

पार्टीत राहायचं की नाही, हा विषय परत निघाला नाही. येताना टेम्पोत तात्या एवढंच म्हणाले, "मिलिंद, डबा मांडीवर घे. मागं आदळतोय."

पुढं दर रविवारी मामा मला त्याच डब्यावर गिटार शिकवायला लागला. मी घाई करायचे, तो थांबवायचा. शेवटच्या रविवारचं त्याचं शेवटचं बोलणं म्हणजे, "नखं काप. तार खरखरती." असं काही खास नाही. पण मी त्याच दिवशी घरी जाऊन नखं कापली होती, याचं मला फार बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात तात्यांचा फोन आला. कन्नड गावातला कार्यक्रम ठरलाय, विहारात प्रॅक्टिस आहे. "मामीला विचार. ती हो म्हणली तर डबा घेऊन ये. आणि गिटार घेऊन तू." मी विचारायला गेले तर मामीनं डबा आधीच पुसून, चादरीत बांधून दाराशी ठेवला होता. म्हणाली, "नुसता कोपऱ्यात बसून राहतो. मला बघवत नाय." रिक्षात मी तो मांडीवर घेतला. खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलत होते.

विहारात मामाच्या जागेवर स्टूल मांडलेलं होतं. मी वायर लावली, बटण दाबलं. संदेशचे हात सवयीनं कीबोर्डवर गेले होते, ते त्यानं उचलून मांडीवर ठेवले. मी डब्यावर तळहात ठेवला. अर्धा मिनिट पुरतं, पण कुणालाच घाई नव्हती. घूं ऐकू आलं, तरी मी हात काढला नाही. हळूहळू कापडाखालून ऊब वर आली, हाताला लागली.

"तापला का?" तात्यांनी विचारलं.

"व्हय, तात्या," मी म्हटलं. "तापला."