चेहरा पाहून घेतलेले स्पीकर

"थांबा. घाई नाई करा लागत. माल आपनच सांगते."

ग्रेडर साहेब हे वाक्य कोथिंबिरीच्या जुडीपासून चपलेच्या जोडापर्यंत सगळ्याला लावत. बोलता बोलता दोन्ही हातांच्या चिमट्या जवळ आणून हळूच एकमेकींपासून ओढत. चिमटीत काही नसे. आयुष्यभर अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात त्यांनी असाच कापसाचा पुंजका ओढून धाग्याची लांबी पाहिली आणि प्रत ठरवली. नोकरी सुटली तरी हात थांबले नव्हते. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्यांचं खरं नाव आमच्या गल्लीत कोणी घेत नसे, म्हणून मीही इथे घेत नाही.

जिनिंग बंद पडलं ते त्या वाईट वर्षांत. कापसाला भाव नव्हता, एकेका जिनिंगला कुलूप लागत होतं, आणि बाजारातले दुकानदार दिवसभर एकमेकांचा पेपर वाचत बसत. माझं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक कमी, नुसते बसायला येणारे जास्त. ग्रेडर साहेब दुसऱ्या प्रकारातले. ते आले की मी मनातल्या मनात कपाळाला हात लावायचो, कारण ते मोठ्यानं बोलत आणि दुसऱ्याचं अर्धंच ऐकत.

एक दिवस मात्र त्यांनी गिऱ्हाईकासारखा प्रश्न विचारला. "कॉम्प्युटरवर गानं आयकाचं असन, तं काय काय घ्या लागते?"

त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला होता. कॉम्प्युटर घरीच ठेवून गेला होता, त्यात गाणी खच्चून भरलेली. सोबतचे इवलेसे स्पीकर नुसते किरकिरत. मी उत्साहानं एक प्लॅस्टिकचा सेट काढला. खोक्यावर वॉटचा भला मोठा आकडा छापलेला होता.

त्यांनी खोकं फिरवून पाहिलं. "हा आकडा म्हंजे पानी मारेल कापूस हाये भाऊ. वजन दिसते. घरी नेला का उतरते."

तो सेट वाजवून दाखवला तर म्हणाले, "निरा धम्मधम्म. गानं कुठी हाये?"

मग मी त्यांना नीट समजावलं. कॉम्प्युटरची वायर वेगळ्या स्टिरिओ अॅम्प्लिफायरला लावायची, आणि त्याला पुस्तकांच्या फळीवर मावतील असे लाकडी खोक्याचे छोटे स्पीकर जोडायचे. खिशाला झेपेल असं काम होतं, फक्त जोडी जमायला हवी. त्यांना हे फार पटलं. त्यानंतर ते दुकानात मिळेल तो अॅम्प्लिफायर मिळेल त्या स्पीकरला जोडायला लावत आणि ऐकून उठून जात. नापास. मी एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, स्पीकर पाहता आहात की पोरीसाठी स्थळ?" ते छान हसले. काय बोललो ते त्यांना ऐकू आलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग एका दुपारी ते काकूंना घेऊन आले. लहानखुऱ्या, डोक्यावरचा पदर सारखा सावरणाऱ्या काकू. साहेबांनी त्यांना दोन स्पीकरच्या बरोबर मधे खुर्चीत बसवलं, आणि स्वतः स्टूल घेऊन स्पीकरला पाठ करून त्यांच्यासमोर बसले. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही मधे बसा, दोन्ही बाजूंनी आवाज येईल."

"तिलेच बसू द्या मधात."

गाणं सुरू झालं आणि हा माणूस टक लावून बायकोच्या तोंडाकडे पाहू लागला. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय पाहून राहिले वो? लोकं हायेत."

"तू आयक."

जरा वेळानं काकू शेजारच्या दुकानात दोरा घ्यायला गेल्या, तेव्हा साहेब माझ्या जवळ सरकले. आवाज खाली आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो त्यांना जमत नसे.

"जिनच्या मशीनींनी माहे कान खाल्ले भाऊ. पयले पाखरं गेली. मंग भांडं पडल्याचा आवाज गेला. आता हिचा आवाज जाऊन राहिला. डाक्टर म्हनते, राह्यलेलंबी जाईन." मग म्हणाले, "टीव्ही मोठ्यानं लावा लागते, तं पूर्ण घरात शेतकऱ्याईनं जीव देल्याच्या त्याच बातम्या. आज याच्या गावात, उद्या त्याच्या गावात. त्यातल्या किती जनाचा कापूस म्या हातात घेतला हाये, तुमाले सांगतो. बंदच केला टीव्ही. आता मी आसा, ना पोरगं दूर. मी बहिरा होऊन राहिलो ते ठीक. तिनं बहिऱ्या घरात काहून राहावं?"

इतके दिवस मी ज्याला चोखंदळपणा समजून हसत होतो ती त्या माणसाची धडपड होती. कान पुरते जाण्याआधी त्याला बायकोसाठी घरात आवाज आणून ठेवायचा होता, आणि निवडायला त्याच्यापाशी तिचा चेहरा तेवढा होता.

अमरावतीला माझ्या ओळखीचे एक कारागीर होते. जुने अॅम्प्लिफायर उघडून नवे करत आणि स्पीकरची खोकी स्वतः सुतारकामासकट बनवत. आम्ही तिघं एसटीनं गेलो. काकूंनी दशम्या आणि ठेचा बांधून घेतला होता, मूर्तिजापूर यायच्या आधी त्यांनी तो उघडलासुद्धा. लग्नानंतर आम्ही दोघं कुठे गेलोच नाही, असं त्या मला सांगत होत्या, आणि साहेब खिडकीबाहेरच्या शेतांवर बोट दाखवून कुठला कापूस कुठल्या प्रतीचा ते सांगत होते. दोघंही एकाच वेळी बोलत होते.

कारागिरांनी चांगल्या तीन-चार जोड्या वाजवल्या. सगळ्यात छोटी जोडी लागली तेव्हा काकूंचा पदराशी चाळा करणारा हात मांडीवर स्वस्थ पडला. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि किंचित हसल्या.

"हेच द्या," साहेब म्हणाले.

"चाचा, ह्या मोठ्यात जास्त दम हाये. तुमी त्या लहान्यात काय पायलं?" कारागिरांनी विचारलं.

"माल आपनच सांगते," साहेब म्हणाले, आणि विषय संपला.

आता हसू नका, पण पुढे जे झालं ते फक्त कापसातलाच माणूस करू शकतो. आवाज घुमू नये म्हणून खोक्याच्या आत थोडंसं मऊ अस्तर घालतात, हे कारागीर बोलून गेले होते. साहेबांनी घरी येऊन मागच्या पट्टीचे स्क्रू काढले, आतलं अस्तर चिमटीत ओढून पाहिलं, आणि त्यांना ते अगदीच हलकं वाटलं. त्यांनी ते फेकलं. कुठून तरी उत्तम लांब धाग्याची रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, आणली आणि गठाण बांधावी तशी दोन्ही खोक्यांत दाबून भरली. मला बोलावणं आलं. मी गेलो, गाणं लागलं, आणि रजईखालून कोणी गात असावं तसा आवाज येऊ लागला.

मी तोंड उघडणार तोच काकूंनी साहेबांच्या पाठीमागून मला डोळ्यांनी दटावलं.

"कसं वाटते?" साहेबांनी विचारलं. मला नव्हे, काकूंना.

"लय झ्याक," काकू मोठ्यानं म्हणाल्या आणि मानही डोलावली.

साहेबांचा चेहरा असा खुलला की मीही मुकाट्यानं मान डोलावली. नंतर फाटकाशी मी काकूंना हळूच म्हटलं, साहेब घरी नसताना येऊन रुई काढून देतो. त्या म्हणाल्या, "राहू द्या. त्याईच्या हातचं हाये." पुन्हा तो विषय मी काढला नाही.

त्यानंतर रोज दिवेलागणीला त्या घरातून गाणं ऐकू येई, दबलेलं, पण न चुकता. मी दुकान आवरून घरी जाताना खिडकीतून दिसायचं. काकू मधे पाटावर, तांदूळ निवडत किंवा नुसत्याच. साहेब समोर खुर्चीत. स्क्रीनवर गाण्याचं नाव सरकायचं, तेवढं त्यांना पुरे. पुढे त्यांना काहीच ऐकू येईना. मग गाणं संपलं की ते भुवया उंचावत, काकू मान हलवत, आणि ते दुसरं लावत. गल्लीतली पोरंसोरं हसायची. मला मात्र त्या खिडकीपाशी आलो की आपोआप हळू चालावंसं वाटे.

बाजारात नवा कापूस यायच्या दिवसांत ते गेले. सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच मान टाकली. मुलगा पुण्याहून आला, सगळं झालं, आणि परत गेला. आईला सोबत चल म्हणाला होता, त्या गेल्या नाहीत.

गाणं थांबलं ते थांबलंच. दुःखाचे दिवस आहेत म्हणून मी काही विचारलं नाही. वर्षश्राद्धही झालं, तरी त्या घरात आवाज नाही. मला वाटलं, काकूंना कॉम्प्युटर लावता येत नसेल. एका संध्याकाळी मुद्दाम गेलो. म्हटलं, "काकू, गाणं कसं लावायचं ते दाखवून देतो. सोपं आहे. साहेबांनी तुमच्यासाठी एवढं शोधून आणलं, तुम्हाला गाण्याची आवड म्हणून."

त्या माझ्याकडे जरा नवलानं पाहत राहिल्या.

"लावता येते मले. पन मले गान्यातलं काय समजते, भाऊ? मले कधीच आवड नव्हती."

मी कॉम्प्युटरकडे नेलेला हात मागे घेतला.

"उभी जिंदगी त्याईनं कापसाकडे पायलं. घरी आले का डोळे लाल, जेवून झोपून जात. पोरगं मोठं झालं, घर बांधलं, माह्याकडे पाहाले त्याईले कधी टाइमच नाई भेटला. मंग थ्या दुकानात बसवलं तुमच्या, आन् पाहूनच राहिले. मले लाज वाटे." त्यांनी पदर डोक्यावर घेतला. "गानं लावलं का थे पाहत. म्हनून बसत होती मी. आता गानं लावून काय करू?"

मग त्या उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, बशीवर कप टेकल्याचा आवाज, सगळं घरभर स्पष्ट ऐकू येत होतं. चहा घेऊन त्या माझ्यासमोर पाटावर बसल्या. मी कपात पाहत चहा प्यायलो, वर पाहण्याची माझी हिंमत झाली नाही.