तीन बाजू कापलेली वही

माझे सासरे बेचाळीस वर्षं पुस्तकं बांधतायत. बाजारात त्यांना नावानं कुणी ओळखत नाही, सगळे ‘गुण्या’ म्हणतात. सुतार काटकोन तपासायला वापरतो ना, तो गुण्या. लग्नानंतर मी भिंतीवर एक कॅलेंडर लावलं, तर पहिल्याच आठवड्यात बाबांनी ते तीनदा सरळ केलं. नाकासमोर चालणारा माणूस म्हणतात तो हा. मी औषधांच्या दुकानात कामाला जाते. निघताना खालच्या बाइंडिंगच्या दुकानातून त्यांचा रोजचा एकच निरोप यायचा, “वेळेवर ये.”

या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. पण ते सांगायचे तर आधी त्यांनी घातलेला घोळ सांगावा लागेल.

गेल्या वर्षी माझी आई गेली. तिच्या पर्समधलं सामान मला टाकवेना: बसची तिकिटं, शर्टाची सुटी बटणं, औषधाची रिकामी पाकिटं. दुकानातली मैत्रीण म्हणाली, हल्ली लोक असल्या सटरफटर वस्तूंची वही करतात, त्याला जंक जर्नल म्हणतात. चित्रकला यायला लागत नाही, नुसतं चिकटवत जायचं. मी बाबांकडे वही मागितली. समास चुकीच्या बाजूला आला म्हणून गिऱ्हाइकानं परत केलेली एक वही त्यांनी दिली, खळीचा डबाही दिला. वर विचारलं, “भंगार ठेवायला वही कशाला? पोतं देतो की.”

मी सुरुवात केली. पहिल्या पानावर इतकी खळ लागली की पुढची दोन पानं एकमेकांना चिकटली. मग हात बसला. पाकिटाचा खिसा केला, त्यात तिकिटं ठेवली. मधल्या पानावर आईनं शेवटच्या आठवड्यात दिलेली यादी लावली: सुया, साबण, पांढरा दोरा. खाली तिनं लिहिलं होतं, ‘सावकाश ये’. मी सदा धावतपळत असते, म्हणून. कागद लांब होता आणि तिच्या अक्षरावर घडी घालायला मन होईना, म्हणून तो पानाबाहेर दोन बोटं येऊ दिला. असं करता करता वहीच्या तिन्ही मोकळ्या बाजूंनी काही ना काही डोकावू लागलं. कितीतरी महिन्यांनी मला बरं वाटत होतं.

एका संध्याकाळी घरी आले तर वही टेबलावर, कडा आरशासारख्या गुळगुळीत. कडा कापायच्या मशीनचं पातं खराब होऊ नये म्हणून बाबांनी बटणं आधी काढली होती आणि कापून झाल्यावर जिथल्या तिथे परत चिकटवली होती. बाबा कौतुकाची वाट बघत उभे होते. मी मधलं पान उघडलं. तिथे नुसतं ‘साव’ उरलं होतं. आणि माझ्याकडे बघून, काय झालं ते कळून, समोरचा साव चोरासारखा उभा राहिला.

“मला वाटलं, कापायची राहिलीय,” ते म्हणाले. त्यांच्या लेखी न कापलेली वही म्हणजे न विंचरलेलं डोकं. कात्रणाची पोती दुपारीच रद्दीवाला घेऊन गेला होता. मी आत गेले आणि रडले. खोटं कशाला बोलू, त्यांच्या त्या सरळपणाचा मला तेव्हा तिटकारा आला.

दुसऱ्या दिवशी बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भर बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवलं. ते कुठे गेले, मी विचारलंही नाही. मला रद्दीवाल्याकडूनच कळलं. माझ्या दुकानी खोकल्याचं औषध घ्यायला आला, तेव्हा हसत म्हणाला, तुमचा गुण्या सकाळपासून गोदामात फतकल मारून बसलाय, एकेक कपटा चष्म्याला लावून वाचतोय, वेड लागलं का त्याला? मला हसू आलं नाही.

संध्याकाळी वही पुन्हा टेबलावर होती. ‘काश ये’ लिहिलेली पट्टी सापडली होती. मागून पातळ कागद लावून बाबांनी ती जोडली होती, आणि पहिल्यासारखीच पानाबाहेर दोन बोटं ठेवली होती. दोन तुकड्यांमधली रेघ मात्र स्पष्ट दिसत होती. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी समजू शकले असते, पण फाटलेली पानं बेमालूम जोडण्यात बाबांचा हात धरणारं कुणी नाही.

“लपवता आला असता जोड,” ते म्हणाले. “नाही लपवला. चूक माझी आहे, दिसू दे.”

मी त्यांच्या पाया पडले नाही की काही नाही; चहा केला आणि दोघं प्यायलो. अजूनही मी ती वही उघडते तेव्हा आईच्या अक्षरावर बोट फिरवताना ती रेघ लागते, आणि मला दोघांचीही माया आठवते.

आता बाबाच मला खालून रंगीत कात्रणं निवडून आणून देतात, वाकडीतिकडीच. कॅलेंडर अजून सरळ करतात, तेवढी सवय राहिलीय. पण त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी मी कामाला निघाले, तेव्हा दुकानातून नेहमीची हाक आली नाही. मी थांबले. बाबांनी हातातली सुई खाली ठेवली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “सावकाश ये.”