सांजखड्याची आंगवण

मी इंटरनेटवर कथा लिहिते, दर रविवारी एक भाग. त्यात सप्तचंद्री नावाचं जग आहे आणि त्या जगात सांजखडा नावाचं रत्न. डोंगर उभ्या जन्मात असा एकच खडा देतो. दिवसा तो साधा दगड दिसतो, तिन्हीसांजेला तेवढा उजळतो. मध्यंतरीच्या एका भागात चाच्यांनी तो पळवला. त्यानंतर गोव्यातल्या हळर्ण गावच्या शुभदा नावाच्या वाचक बाईंचा फोनवर निरोप आला, "आमच्या बाबांनी सांजखड्यासाठी आंगवण केली आहे. एकदा याच."

आंगवण म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं. 'केली आहे' म्हणजे खायचीच वस्तू असणार, सांदणाच्या जातीतली, असं मी ठरवून टाकलं. समुद्रकिनारा सोडून उरलेला गोवा पाहायचा होताच. भडंगाची पिशवी घेतली आणि कोल्हापूरहून गाडी काढली.

आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता. घाटात धुकं असेल तर घाई करू नका, गुरं रस्त्यातच बसलेली असतात. बांद्यानंतर हायवे इतका गुळगुळीत की धारगळ कधी आलं कळत नाही. तिथे हायवेलगतच्या हॉटेलात पातळभाजी आणि उंडो खाल्ला. उंडो म्हणजे गोल, कडक सालीचा पाव. दुसरा मागवायचा मोह आवरला, कारण पोटात आंगवणीसाठी जागा ठेवायची होती. धारगळहून आत वळलं की हायवेचा आवाज संपतो आणि शेतं, काजू, मधूनच एखादं देऊळ असं सुरू होतं.

शुभदाताई फाटकाशीच उभ्या होत्या. त्या सासऱ्यांना 'बाबा' म्हणतात. बाबा मुरगाव बंदरात बोटींवर खनिज चढवायच्या कामाला होते. आता त्यांना दिसत नाही. रविवारी सून फोनवरून माझा भाग वाचते आणि ते ऐकतात.

जेवायला बांगड्याचं हुमण, भात, सोलकढी. सगळं उत्तम. शेवटी न राहवून मी विचारलं, "आंगवण केव्हा वाढणार?"

शुभदाताईंच्या हातातला डाव भातात पडला. बाबा ठसका लागेपर्यंत हसले.

"अगो बाय, आंगवण खावंक नसता! देवाक सांगून दवरतात ती आंगवण."

म्हणजे नवस. माझं रत्न परत सापडू दे म्हणून या गृहस्थांनी ग्रामदेवतेला नारळ बोलला होता. घरच्या माडाचा तो नारळ देवघरात ठेवलेला होता. शुभदाताईंनी तो माझ्या कानाशी हलवला. "पाणी आटत आलंय. सुकल्यावर तो देवाला कसा चालेल?"

"बाबा, पण ती गोष्ट आहे. खडा खरा नाही," मी म्हटलं.

"जाणा मगो. म्हातारो जालां, पिसो न्हय." त्यांनी हात पुढे करून नारळ मागून घेतला. "आमी जल्मभर डोंगर बोटींत भरले. चीन, जपान, खंय खंय गेले. एकूय फातर परत आयलो ना. हो एक तरी येवंदी. मेळतलो न्हय?"

बोटीतून गेलेल्या दगडांपैकी हा एक तरी परत मिळेल ना, असं ते विचारत होते. मी हसून विषय बदलला. खरं सांगायचं तर मला धास्ती वाटली. शेवटचा भाग मी आधीच लिहून ठेवला होता. त्यात खडा जहाजासकट बुडतो आणि कुणालाच मिळत नाही. त्या शेवटावर मी खूश होते.

संध्याकाळी हळर्णचा किल्ला पाहिला. छोटा आहे, नदीकाठी आहे, तासाभरात होतो. पाणी सोबत न्या.

दुसऱ्या दिवशी डिचोली. बाजारात भाजीवाल्या बाईला विचारलं, "खाणी बघायच्या आहेत, डोंगर कुठला?"

"डोंगर खंयचो, बाय? थंय आतां तळें," ती म्हणाली आणि तिने भेंडी तोलली.

रस्त्यावरून दिसलं ते खरोखरच तळं होतं. खाली हिरवं पाणी, भोवती पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली तांबडी जमीन. डोंगर जन्मात एकच खडा देतो, असं मी घरात पंख्याखाली बसून लिहिलं होतं. इथल्या डोंगराने सगळंच देऊन टाकलं होतं. मी फोटो काढला, तो काही बरा आला नाही. मग साखळीवरून चोर्ला घाट आणि बेळगाव करत परतले. या बाजूला घाटात पेट्रोल पंप शोधत बसू नका, साखळीतच भरा.

घरी येऊन गाडी धुतली तरी चाकांच्या आतल्या बाजूची तांबडी माती निघाली नाही. शेवट बदलायचा नाही, असं मी स्वतःला बजावत होते. वाचकांच्या नवसावर कथा चालायला लागल्या तर आटोपलंच.

शेवटचा भाग जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शुभदाताईंचा फोन आला. "ताई, नारळ आता अगदीच कमी वाजतो. बाबा विचारतात, उद्या सकाळी देवळात नेऊ?"

मागे बाबांचा खोकला ऐकू येत होता.

"न्या," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि शेवटचा भाग उघडला. जहाज समुद्राच्या तळाशी होतं, खडा जहाजात होता आणि सकाळपर्यंत दोन्ही वर काढायचे होते. आंगवण काही मला खायला मिळाली नाही. फेडायची मात्र माझ्यावर आली.