मेबलचा नारिंगी पट्टा

वायोमिंगच्या माळावर पडदा उघडतो तो सावकाश. आधी पूर्वेची कडा राखाडी होते, मग खुरटी झुडपं एकेक करून आपापल्या जागी येऊन उभी राहतात, आणि सगळ्यात शेवटी दिसतो वर्न हॅस्केट. बहात्तर वर्षांचा, उतारावर फतकल मारून बसलेला, मांडीवर रायफल, ओठांत पिपाणी. शेजारी त्याची पिवळट तपकिरी कुत्री, मेबल.

एकतीस वर्षं हा माणूस कायोटींना बोलावत आला. कोल्ह्याहून थोराड अशी ही जात. त्यांच्या बिळात पिल्लं झाली की कोकरांवर गंडांतर. वर्न पिपाणीतून पिल्लाचं केकाटणं असं काढी, की धनगरांचाही जीव कळवळे. मग मेबल पुढे धावे. बिळापाशी परकी कुत्री पाहून कायोटी चवताळून तिच्या मागे लागत, आणि ती घाबरल्याचं झकास सोंग करत त्यांना थेट वर्नच्या नळीसमोर आणून सोडी.

त्या उन्हाळ्यात ग्रॅसियाना इरिबार्नेची अकरा कोकरं गेली. त्या पहाटेच्या आदल्या संध्याकाळी ती वर्नच्या दारात आली.

“म्हाताऱ्या, उद्या पिपाणी तू वाजव. बंदूक माझा भाऊ धरेल.”

“तुझा भाऊ? गेल्या साली पाण्याच्या टाकीला भोक पाडलं ना त्यानं?”

“पाडलं, पण टाकी दिसली तरी त्याला! तुझ्या डोळ्यांत दूध सांडल्यासारखं झालंय.”

“दूध काय, साय धरू दे. तुझी कोकरं वाचली म्हणजे झालं ना, पोरी?”

हसला खरा, पण बंदूक एकदा दुसऱ्याच्या हाती गेली, की पुढच्या वसंतात कुणीतरी तरणा शिकारी स्वतःची कुत्री घेऊन येणार, हे त्याला ठाऊक होतं. मग मेबल शेगडीपाशी पडून दाराकडे बघत राहणार. ते बघायची त्याची तयारी नव्हती.

आणि एक अडचण होती. मेबलच्या गळ्यातला नारिंगी पट्टा दिसला, की त्या बिळातली कायोटी मादी शंभर पावलांवरून माघारी वळे. तीन दिवस तेच झालं होतं. तो पट्टा वर्नसाठीच होता. आता तेवढ्यावरच तो मेबलला ओळखे. तरी त्या पहाटे त्यानं तो काढून खिशात घातला. मनात हिशेब सरळ होता: मेबल नेहमी पुढे, कायोटी मागे. मागच्यावर झाडायची.

पिपाणी वाजली. मेबल गेली. थोड्या वेळानं झुडपांतून दोन पिवळट ठिपके उसळत आले. मधेच पुढचा ठिपका बाजूला वळला, मागचा त्याला मागे टाकून पुढे निघाला. टेकाडावरून दुर्बिणीतून बघणारी ग्रॅसियाना ओरडली, पण वारा उलटा होता. कोण कुठे गेलं हे वर्नला दिसलं नाही. त्यानं मागच्यावर झाडली.

कायोटी मादी टेकाडापलीकडे निघून गेली.

ग्रॅसियाना धावत पोचली तेव्हा तो गुडघे टेकून बसला होता आणि निपचित पडलेल्या मेबलच्या गळ्यात तो पट्टा बांधत होता. बक्कल काही सापडेना. तिनं वाकून ते लावून दिलं.

“दिसत नव्हतं, तर बोलायचं होतंस रे.”

बराच वेळ तो मेबलच्या कानामागे खाजवत राहिला.

“हिला दिसत होतं,” तो म्हणाला. “म्हटलं, दोघांत एकाला दिसलं की पुरे.”